संगणक-जालांतील अनुकूली नियमसंहिता

संगणक-जालातून माहितीची देवाणघेवाण करताना दोन्ही टोकांच्या यंत्रांनी पाळावयाच्या नियमांच्या समुच्चयास नियमसंहिता किंवा रूढ भाषेत प्रोटोकॉल असे म्हणतात. माहिती ज्या मार्गाने जावयाची त्या मार्गाची धारणक्षमता, त्यास लागणारा वेळ, त्यातील गोंगाट आणि त्याच क्षणी त्यावर असलेला इतरांचा भार यांपैकी कोणतीही गोष्ट पाठविणाऱ्या यंत्रास आगाऊ ठाऊक नसते. ठाऊक झाली, तरी ती पुढच्याच क्षणी बदलू शकते. अशा अज्ञात व बदलत्या परिस्थितीचा अंदाज प्रत्यक्ष वाहतुकीवरूनच घेऊन आपला वेग, माहितीच्या पुडक्यांचा आकार, प्रतीक्षेची मुदत किंवा संकेतनाची रीत आपोआप बदलणाऱ्या नियमसंहितेस अनुकूली नियमसंहिता म्हणतात. मोडेम, स्थानिक जाल, भ्रमणध्वनी आणि इंटरनेट या सर्वांत या ना त्या स्वरूपात हे तत्त्व वापरलेले असते. इंटरनेटवर वाहतुकीचे नियमन करणारी कोणतीही मध्यवर्ती सत्ता नाही. तरीही ते कोलमडून न पडता चालते, याचे एक प्रमुख कारण हे अनुकूलन होय.

प्रश्नाचे स्वरूप : धुळे येथील एखाद्या संगणकाने दूरच्या संगणकाकडून एक मोठी फाइल मागविली असे समजू. प्रकाशीय तंतूतून प्रकाश सेकंदाला सु. २ लाख किमी. जातो. मुंबईचे अंतर सु. ३०० किमी. धरल्यास संदेश जाऊन उत्तर परत येण्यास निदान ३ मिलिसेकंद लागतात, सु. १३,००० किमी. लांबीच्या तंतुमार्गाने अमेरिकेशी संबंध साधावयाचा, तर निदान १३० मिलिसेकंद लागतात आणि वाटेतील यंत्रांतील विलंब धरून हा काल २०० मिलिसेकंदांपर्यंत सहज जातो. विषुववृत्तावर सु. ३५,७८६ किमी. उंचीवर असलेल्या भूस्थिर उपग्रहामार्फत तोच संदेश गेला, तर उत्तर येईपर्यंत सु. अर्धा सेकंद उलटतो. पाठविणाऱ्या यंत्रास मात्र समोरचा संगणक मुंबईत आहे, अमेरिकेत आहे की उपग्रहापलीकडे आहे, हे सांगणारे कोणी नसते.

धारणक्षमतेबाबतही असेच आहे. मार्गाचा बहुतेक भाग विपुल क्षमतेचा असला, तरी एकंदर वेग त्यातील सर्वांत अरुंद दुव्यावर ठरतो. हा दुवा कोणता व त्यावर आणखी किती जण आहेत, हे टोकाच्या यंत्रास दिसत नाही. धुळ्याहून मुंबई–आग्रा महामार्गाने नरडाण्यावरून तापी ओलांडून शिरपूरकडे व पुढे सातपुड्याच्या घाटात जाणाऱ्या प्रवाशाचा भ्रमणध्वनी वाटेत एका मनोऱ्याच्या कक्षेतून दुसऱ्याच्या कक्षेत जातो. गावाजवळ संदेश सबल असतो, पण तेथील मनोरा अनेकांना वाटून घ्यावा लागतो. डोंगरात वाटेकरी थोडे, परंतु संदेशच क्षीण असतो. तासाभरात एकाच जोडणीची उपलब्ध क्षमता कित्येक पटींनी वरखाली होते. अशा वेळी वेग कमी ठेवल्यास उपलब्ध क्षमता वाया जाते आणि जास्त ठेवल्यास पुडकी हरवतात. शिवाय त्यामुळे इतरांची वाहतूकही अडते. योग्य वेग शोधून काढणे आणि तो बदलताच त्याचा माग ठेवणे, हा अनुकूली नियमसंहितेपुढील मूळ प्रश्न होय.

मार्गाची चाचणी : अनुकूलनाचा सर्वांत सुबोध प्रकार दूरध्वनीच्या तारेवर चालणाऱ्या मोडेममध्ये आढळतो. जोडणी जुळताना मोडेममधून ऐकू येणारी शिटी व खरखर म्हणजे दोन यंत्रांमधील परीक्षणाचा संवाद असे. १९९४ मध्ये मान्य झालेल्या व्ही. ३४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एक मोडेम ठराविक कंप्रतांचे स्वर पाठवी; दुसरा मोडेम कोणता स्वर किती क्षीण होऊन पोहोचला हे मोजी आणि त्यावरून दोघे मिळून तारेला झेपेल असा वेग निश्चित करीत. मानकाची मूळ कमाल मर्यादा सेकंदाला २८,८०० बिट होती, तरी गोंगाटाच्या तारेवर याहून पुष्कळ कमी वेगावर समाधान मानावे लागे. संभाषणाच्या मध्येच तार बिघडली, तर दोन्ही मोडेम पुन्हा चाचणी घेऊन खालच्या वेगावर उतरत. पुढे त्याच तांब्याच्या तारांवर आलेल्या एडीएसएल पद्धतीत तारेचा कंप्रता पट्ट दोनशेहून अधिक अरुंद उपपट्टांत विभागलेला असतो. प्रत्येक उपपट्टातील गोंगाट स्वतंत्रपणे मोजून ज्यात तो कमी तेथे अधिक बिट व ज्यात तो जास्त तेथे कमी बिट भरतात. अगदीच निकामी उपपट्ट रिकामा सोडतात. म्हणूनच केंद्रापासून दूर असलेल्या ग्राहकास तेच उपकरण कमी वेग देते.

सामायिक माध्यम : मोडेमच्या तारेवर दोनच यंत्रे असतात. एकाच माध्यमावर अनेक यंत्रे असली, म्हणजे आणखी एक अज्ञात भर पडते व ती म्हणजे दुसरा केव्हा बोलेल ही होय. हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रॅमसन यांच्या मार्गदर्शनाखाली उभारलेल्या व १९७१ मध्ये सुरू झालेल्या अलोहा या रेडिओ-जालात कोणत्याही स्थानकाने आपले पुडके हवे तेव्हा पाठवावे. टक्कर होऊन पोच आली नाही, तर यादृच्छिक काळ थांबून ते पुन्हा पाठवावे, एवढाच नियम होता. या पद्धतीत माध्यमाच्या क्षमतेपैकी फार तर सु. १८ टक्के भागाचाच उपयोग होऊ शकतो. १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी कल्पिलेल्या ईथरनेट पद्धतीत दोन सुधारणा झाल्या. बोलण्यापूर्वी माध्यम मोकळे आहे काय ते ऐकावयाचे, ही पहिली. आणि प्रत्येक टकरीनंतर थांबण्याच्या काळाची मर्यादा दुप्पट करावयाची, ही दुसरी. पहिल्या टकरीनंतर यंत्र ० वा १ कालखंड थांबते, दुसरीनंतर ० ते ३ पैकी कोणतेही, तिसरीनंतर ० ते ७ पैकी कोणतेही. स्पर्धक किती आहेत हे कोणासही मोजता येत नाही. परंतु टकरी वारंवार होऊ लागल्या, म्हणजे ते पुष्कळ असले पाहिजेत असे अनुमान करून प्रत्येक यंत्र आपण होऊन मागे सरते. स्विचयुक्त तारजालांत या नियमाची गरज उरलेली नाही. बिनतारी स्थानिक जालांत मात्र त्याचेच एक रूप वापरात आहे.

पुडकी-पद्धती व १९८६ ची कोंडी : माहितीचे लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकडा स्वतंत्र पत्त्यानिशी पाठविण्याची कल्पना अमेरिकेत पॉल बरान व इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६०–७० या दशकात स्वतंत्रपणे मांडली. या तुकड्यांस पुडकी किंवा पॅकेट म्हणतात. १९६९ मध्ये सुरू झालेले अर्पानेट हे जाल याच तत्त्वावर आधारलेले होते. भिन्न भिन्न जाले एकमेकांस जोडण्यासाठी व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये एक नियमसंहिता प्रसिद्ध केली. तिच्यापासून विकसित झालेली टीसीपी–आयपी ही जोडसंहिता १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटवर लागू झाली. आयपी ही संहिता पुडके पत्त्यावर नेण्याचा केवळ प्रयत्न करते, हमी देत नाही. वाटेतील राउटर आलेली पुडकी रांगेत ठेवतो व रांग भरल्यास नवीन पुडके सरळ टाकून देतो. हरवलेली पुडकी पुन्हा पाठविणे, ती क्रमाने लावणे व वेग ठरविणे ही सर्व जबाबदारी टोकाच्या यंत्रांवर, म्हणजे टीसीपीवर असते.

टीसीपीच्या मूळ आराखड्यात घेणाऱ्या यंत्राची ग्रहणशक्ती विचारात घेतलेली होती. वाटेतील जालाची अवस्था मात्र विचारात घेतलेली नव्हती. यातील धोका जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये दाखवून दिला. रांगा वाढल्या म्हणजे पोच उशिरा येते. पाठविणारा पुडके हरवले असे समजून तेच पुन्हा पाठवितो. त्यामुळे रांगा आणखी वाढतात. अखेरीस जाल पूर्ण क्षमतेने राबत असूनही त्यातून जाणारी बहुतेक पुडकी जुन्यांच्या प्रती असतात व उपयुक्त काम जवळजवळ थांबते. ऑक्टोबर १९८६ मध्ये हे प्रत्यक्षात घडले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली केंद्र यांमध्ये सु. ४०० यार्डांचे अंतर असताना त्यांच्यामधील प्रत्यक्ष वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर, म्हणजे आठशेपटींनी खाली आला. त्यापुढील काळात अशा कोंडी वारंवार होऊ लागल्या. व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरल्स यांच्या साहाय्याने तिची मीमांसा केली आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात उपाय सुचविले. नवे जाल वा नवी यंत्रे न आणता केवळ टोकाच्या संगणकांतील नियम बदलून ही कोंडी फोडता आली, हे या कार्याचे वैशिष्ट्य होय.

पोच व प्रतीक्षेची मुदत : पुडके पाठविल्यापासून त्याची पोच येईपर्यंतच्या कालास फेरीकाल म्हणतात. पोच किती वेळ पाहावयाची, याची मुदत फेरीकालावर अवलंबून असली पाहिजे. मुदत तोकडी असली तर विनाकारण दुसरी प्रत जाते. लांबलचक असली तर खरोखर हरवलेल्या पुडक्यासाठी वेळ व्यर्थ जातो. म्हणून टीसीपी प्रत्येक पोचेवरून फेरीकालाची सरासरी सुधारीत जाते. जुन्या सरासरीचा ७/८ भाग व नव्या मापनाचा १/८ भाग मिळून नवी सरासरी होते. त्याबरोबरच मापने सरासरीपासून किती ढळतात याचीही अशीच सरासरी, ३/४ व १/४ या प्रमाणात, ठेवतात. मुदत म्हणजे सरासरी फेरीकाल अधिक विचलनाची चौपट. उदा., सरासरी २०० मिलिसेकंद व विचलन १० मिलिसेकंद असता मुदत २४० मिलिसेकंद येते. नवे मापन एकदम २८० मिलिसेकंद आले, तर सरासरी २१० होते, विचलन २७·५ होते आणि मुदत ३२० मिलिसेकंदांवर जाते. सरासरी थोडीच हलली, तरी अस्थैर्य दिसताच मुदत पुष्कळ वाढली, हे येथे लक्षात येते. व्यवहारात या मुदतीस किमान मर्यादाही घालतात. पुडके दुसऱ्यांदा पाठविले असता आलेली पोच पहिल्या प्रतीची की दुसरीची हे कळत नाही. म्हणून असे मापन धरू नये व प्रत्येक अपयशानंतर मुदत दुप्पट करावी, हा नियम फिल कार्न व क्रेग पार्ट्रिज यांनी १९८७ मध्ये घालून दिला.

खिडकी व वेगनियंत्रण : पोच न आलेली किती माहिती एका वेळी मार्गावर असू द्यावयाची, या मर्यादेस खिडकी म्हणतात. मार्ग पूर्ण भरलेला ठेवण्यासाठी लागणारी खिडकी म्हणजे मार्गाची क्षमता व फेरीकाल यांचा गुणाकार होय. सेकंदाला १ कोटी बिट क्षमता व २०० मिलिसेकंद फेरीकाल असलेल्या मार्गावर २० लाख बिट, म्हणजे २,५०,००० बाइट मावतात. प्रत्येकी १,५०० बाइटांची सु. १६७ पुडकी होतात. हा आकडा पाठविणाऱ्यास अज्ञात असल्याने तो चाचपडत शोधावा लागतो. सुरुवातीस खिडकी लहान ठेवून प्रत्येक फेरीत ती दुप्पट करतात. मूळ नियमात ती एका पुडक्यापासून सुरू होई. २०१३ पासून दहापर्यंत पुडक्यांनी आरंभ करण्यास मुभा आहे. दहापासून आरंभ केल्यास चार फेऱ्यांत, म्हणजे ०·८ सेकंदात, ती १६० वर पोहोचते. या टप्प्यास ‘मंद आरंभ’ म्हणतात; प्रत्यक्षात ही वाढ भूमितिश्रेढीने होत असल्याने ती मंद नसते, आधीच्या पद्धतीत सर्व खिडकी एकदम रिकामी केली जाई तिच्या मानानेच ती मंद होय.

पहिले पुडके हरवताच मार्ग भरल्याचे समजून खिडकी निम्मी करतात. तेथून पुढे ती प्रत्येक फेरीत केवळ एका पुडक्याने वाढवितात. पुन्हा पुडके हरवले की पुन्हा निम्मी करतात. वाढ बेरजेने व घट भागाकाराने, असा हा नियम आहे. आलेखावर खिडकीचा आकार करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. उपलब्ध क्षमता वाढली असेल, तर हळूहळू चढणारी रेषा ती हेरते; कमी झाली असेल, तर एकदम खाली येणारी रेषा जालास मोकळा श्वास देते.

या नियमातून समन्याय कसा उत्पन्न होतो, हे दा-मिंग च्यू व राज जैन यांनी १९८९ मध्ये गणिताने दाखविले. समजा, १०० एकक क्षमतेच्या दुव्यावर एकाचा वाटा ८० व दुसऱ्याचा २० आहे. दुवा भरताच दोघेही निम्म्यावर येतात, म्हणजे ४० व १० होतात. मग दोघे सारखेच वाढत पुन्हा शंभर भरेपर्यंत ६५ व ३५ वर जातात. पुढील चक्रात ५७·५ व ४२·५ होतात आणि त्यापुढील चक्रात ५३·७५ व ४६·२५. दोहोंतील अंतर ६०, ३०, १५, ७·५ असे निम्मे निम्मे होत जाते. घटही वाढीप्रमाणे सारख्या एककांनी केली असती, तर अंतर ६० च राहिले असते. दोघांस परस्परांचे अस्तित्वही ठाऊक नसता वाटणी समान होत जाते, ही या नियमाची महत्त्वाची निष्पत्ती होय.

फड पद्धतीशी तुलना : सामायिक व अनिश्चित प्रवाह अनेकांनी वाटून घेण्याचा प्रश्न संगणकांहून कितीतरी जुना आहे. तापीच्या खोऱ्यातील पांझरा, मोसम व आरम या नद्यांवर, धुळे व नासिक जिल्ह्यांत, सु. तीनशे ते चारशे वर्षांपासून चालत आलेली फड पद्धती हे त्याचे महाराष्ट्रातील उत्तम उदाहरण होय. नदीवर बंधारा घालून पाणी कालव्यात वळवितात व चाऱ्यांमधून ते शेतांपर्यंत नेतात. जादा पाणी सांडव्यावाटे काढून देतात. लाभक्षेत्राचे सामान्यतः चार फड असतात व एका फडात एकच पीक घेतात. बंधाऱ्यामागे वर्षभराचा साठा नसल्याने नदीस किती पाणी येईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून कोणते फड भिजवावयाचे व कोणते पडीत ठेवावयाचे, हे गावकरी दरवर्षी ठरवितात. टंचाईचा भार कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्यावर न लोटता सर्वांनी वाटून घ्यावा, हा या व्यवस्थेचा आशय आहे. धरणे, विहिरी व बदललेली पीकपद्धती यांमुळे तिचे क्षेत्र आता आकुंचित झाले आहे.

टीसीपीच्या नियमाशी या पद्धतीचे साम्य उघड आहे. दोहोंत पुरवठा अज्ञात, माध्यम सामायिक आणि संयम हाच तरणोपाय असतो. सांडवा वाहू लागणे ही भरल्याची खूण, तसेच राउटरने पुडके टाकणे हीही भरल्याचीच खूण होय. परंतु एक भेद मूलगामी आहे. फडावर पंच असतात, पाटकरी पाणी फिरवितो, नदीची पातळी सर्वांना दिसते आणि नियम मोडणारा ओळखू येतो. इंटरनेटवर पंच नाहीत, पाटकरी नाही आणि नदीही दिसत नाही. प्रत्येक यंत्रास आपल्याच पुडक्यांच्या येण्या-न येण्यावरून पातळी ताडावी लागते. पंचांचा निर्णय येथे प्रत्येक संगणकातील आज्ञावलीत आगाऊ लिहून ठेवलेला असतो, असे म्हणता येईल.

राउटरांचा सहभाग : रांग पूर्ण भरून पुडकी सांडेपर्यंत थांबण्याऐवजी आधीच सूचना मिळाल्यास अनुकूलन अधिक सुरळीत होते. सॅली फ्लॉइड व व्हॅन जेकबसन यांनी १९९३ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत रांगेची सरासरी लांबी वाढू लागताच राउटर काही पुडकी यादृच्छिक रीतीने टाकतो. पुडके न टाकता त्यावर केवळ कोंडीची खूण करण्याची पद्धती के. के. रामकृष्णन व राज जैन यांच्या आधीच्या कार्यातून पुढे आली व २००१ मध्ये इंटरनेटच्या मानकांत समाविष्ट झाली. दरम्यान स्मृतिसाठा स्वस्त झाल्याने निर्मात्यांनी राउटर व मोडेममध्ये फार मोठ्या रांगा ठेवल्या. पुडकी हरवेनाशी झाली, म्हणून पाठविणारे यंत्र वेग कमी करीना व रांगेतच सेकंद-सेकंद विलंब होऊ लागला. घरातील एकाने मोठी फाइल पाठविण्यास घेताच दुसऱ्याचे संभाषण तुटू लागे. या दोषाकडे जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास लक्ष वेधले. त्यावर कॅथलीन निकल्स व जेकबसन यांनी २०१२ मध्ये रांगेची लांबी न पाहता पुडके रांगेत किती वेळ थांबले हे पाहणारी पद्धती सुचविली.

पुडक्याचा आकार : वाटेतील प्रत्येक दुवा किती मोठे पुडके नेऊ शकतो, हेही अज्ञात असते. ईथरनेटवर ही मर्यादा १,५०० बाइट आहे. इतर दुव्यांवर ती कमी असू शकते. १९९० मधील नियमानुसार यंत्र ‘तुकडे करू नयेत’ अशा खुणेसह मोठे पुडके पाठविते. ते न मावल्यास राउटर ते टाकून आपली मर्यादा कळवितो व यंत्र आकार कमी करते. परंतु काही जालांत सुरक्षिततेसाठी असे निरोप अडविले जातात. मग लहान पुडकी पोहोचतात, मोठी निमूट नाहीशी होतात आणि पाठविणाऱ्यास कारण कळत नाही. म्हणून २००७ मध्ये केवळ पोचेवरूनच योग्य आकार शोधण्याची रीत मानकांत घेण्यात आली. वाटेतील निरोपावर विसंबण्यापेक्षा स्वतःच्या अनुभवावरून अनुमान करणे अधिक भरवशाचे, हा धडा यातून मिळाला.

बिनतारी मार्ग : पुडके हरवले म्हणजे कोंडी झाली, हे टीसीपीचे मूळ गृहीत तारेवर बहुधा खरे ठरते. बिनतारी मार्गावर मात्र क्षीण संदेश, अडथळे वा व्यतिकरण यांमुळेही पुडकी बिघडतात. अशा वेळी वेग कमी करून काहीच साधत नाही. उलट मार्ग मोकळा असून जोडणी मंदावते. यासाठी अनुकूलनाची एक पातळी रेडिओ-दुव्यावरच ठेवतात. चौथ्या पिढीच्या भ्रमणध्वनीत यंत्र मनोऱ्यास आपल्या संदेशाची गुणवत्ता ० ते १५ या मोजपट्टीवर वारंवार कळविते. त्यानुसार मनोरा एका चिन्हात २, ४ किंवा ६ बिट भरणारे विरूपण व दोषनिवारणासाठी लागणाऱ्या जादा बिटांचे प्रमाण निवडतो. ही निवड दर मिलिसेकंदास बदलता येते. बिघडलेले पुडके मनोरा व यंत्र आपसांतच पुन्हा पाठवितात, त्यामुळे टीसीपीस हानी दिसत नाही, फक्त फेरीकाल वरखाली होताना दिसतो. मनोऱ्यापासून दूर असलेल्या खेड्यात मंद पण अखंड जोडणी मिळते ती या व्यवस्थेमुळे.

नंतरचे संशोधन : उच्च क्षमतेच्या लांब मार्गावर प्रत्येक फेरीत एका पुडक्याची वाढ फार संथ ठरते, तसेच लहान फेरीकाल असलेल्या जोडणीस अधिक वाटा मिळतो. हे दोष कमी करण्यासाठी क्यूबिक या पद्धतीत खिडकीची वाढ फेऱ्यांवर नव्हे, तर शेवटच्या हानीपासून लोटलेल्या कालाच्या त्रिघाती फलनावर ठेवली आहे. २००६ पासून लिनक्स प्रणालीत ती मूलभूत निवड आहे. हानी होण्यापूर्वी फेरीकालातील वाढीवरूनच कोंडी ओळखण्याची कल्पना लॉरेन्स ब्रॅक्मो व लॅरी पीटरसन यांनी १९९४ मध्ये मांडली. गूगल कंपनीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेली बीबीआर पद्धती अरुंद दुव्याची क्षमता व किमान फेरीकाल या दोहोंचे सतत मापन करून त्यांवरून वेग ठरविते. २०२१ मध्ये मानक झालेल्या क्विक या नियमसंहितेत जोडणीची ओळख पत्त्यावर अवलंबून नसल्याने घरच्या बिनतारी जालावरून भ्रमणध्वनी-जालावर जाताना जोडणी तुटत नाही. नव्या मार्गाची चाचणी मात्र नव्याने सुरू होते.

चलच्चित्रांच्या प्रसारणात अनुकूलन याहून वरच्या पातळीवर होते. एकच चित्रपट निरनिराळ्या गुणवत्तेच्या आवृत्त्यांत, काही सेकंदांच्या तुकड्यांत विभागून ठेवतात. पाहणाऱ्याचे यंत्र मागील तुकडे किती वेगाने आले व आपल्याजवळ किती सेकंदांचा साठा शिल्लक आहे हे पाहून पुढील तुकड्याची आवृत्ती मागते. चित्र मध्येच अस्पष्ट होते परंतु थांबत नाही, याचे कारण हेच.

भारतातील स्थिती : भारतात संशोधन-संस्थांना जोडणाऱ्या एर्नेट या जालाचा प्रकल्प १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने हाती घेतला. मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र ही संस्था, मुंबईसह पाच भारतीय तंत्रविद्या संस्था व बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था त्यात सहभागी होत्या. आरंभी मुंबईतील दोन संस्थांमध्ये दूरध्वनीच्या साध्या तारेवरून ठराविक वेळी जोडणी करून टपाल पुढे ढकलले जाई. तार तुटल्यास संदेश साठवून ठेवावयाचा व पुन्हा प्रयत्न करावयाचा, हेच त्या काळचे अनुकूलन होते. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट-सेवा सर्वसामान्यांस खुली केली, तेव्हाही शहराबाहेरील ग्राहकास मोडेम व दूरध्वनीची तार यांवरच अवलंबून राहावे लागे. ग्रामपंचायती प्रकाशीय तंतूंनी जोडण्याची योजना २०११ मध्ये मान्य झाली व २०१५ पासून ती भारतनेट या नावाने चालविली जाते. तंतू गावात आला, तरी तेथून घरापर्यंतचा शेवटचा दुवा बहुधा बिनतारीच राहतो. या दुव्यासाठी दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या कंप्रता पट्टांचा उपयोग करण्याचे प्रयोग मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेने पालघर परिसरातील खेड्यांत केले आहेत. कमी कंप्रतेच्या या लहरी झाडी व उंचसखल भूभाग यांतून अधिक चांगल्या जातात.

मर्यादा : अनुकूलनाचे यश सर्वांनी नियम पाळण्यावर अवलंबून असते आणि नियम पाळण्याची सक्ती करणारी यंत्रणा इंटरनेटच्या रचनेत नाही. समन्याय प्रत्येक जोडणीपुरता असतो, प्रत्येक व्यक्तीपुरता नसतो. एकाच संकेतस्थळाशी सहा जोडण्या उघडणारा ब्राउझर सहा वाटे घेतो. हानी पाहून मागे सरणारी यंत्रे व हानीस न जुमानणारी यंत्रे एकाच दुव्यावर आली, तर पहिली मागे पडतात. बीबीआरच्या पहिल्या आवृत्तीवर लहान रांगांच्या मार्गांवर असा आक्षेप घेतला गेला. शिवाय कोणतेही अनुकूलन नवी क्षमता निर्माण करीत नाही. आहे ती वाया न घालविता वाटून देणे एवढेच त्यास साधते. दुवा मुळातच अरुंद असेल, तर चांगल्यात चांगली नियमसंहिताही दारिद्र्याची समान वाटणी करते. म्हणून ग्रामीण भागात तंतू, मनोरे व कंप्रता पट्ट यांचा विस्तार आणि टोकाच्या यंत्रांतील संयम या दोन्ही गोष्टी एकमेकींस पूरक आहेत. एकीने दुसरीची उणीव भरून निघत नाही.